उपासाचा दिवस आणि हझानचा गळा

एलूल महिना लागला की आपल्या सिनेगॉगांतून पहाटेच्या सलीहोथ सुरू होतात. मागोमाग रोश हशाना येतो आणि मग दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. या दिवसांत हझानच्या गळ्यावर जो ताण पडतो तो एरवी वर्षभरात पडत नाही. योम किप्पूरला आरवीथ, शाहारीथ, मुसाफ, मिनहा व नेइला अशा पाच तफिल्ला होतात. सुमारे पंचवीस तास पोटात पाण्याचा थेंब नसतो आणि ध्वनिक्षेपकही लावता येत नाही. परिणामी सारी मंडळी दिवसभर ज्या नेइलाची वाट पाहते, नेमका त्याच वेळी हझानचा आवाज बसतो. आपल्यात पुष्कळ हझान पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ही सेवा करतात. त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतलेले असतेच असे नाही. त्यांच्यासाठी, आणि कीर्तनात व मलिद्याच्या वेळी गाणाऱ्या सर्व बंधुभगिनींसाठी, हा पाठ आम्ही देत आहोत.

आवाज निघतो कसा?

गळ्यातील स्वरयंत्रात दोन लहान पडदे असतात. फुप्फुसांतून हवा वर येते व त्या पडद्यांना कंप सुटतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ते सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे वेळा व स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. तासभर गाण्यात हे आपटणे लाखांच्या घरात जाते. गळा आवळून जोर लावला की प्रत्येक आघात अधिक कठीण होतो, पडदे सुजतात आणि आवाज घोगरा होतो. म्हणून जोर श्वासातून यावा, घुमारा तोंडातून व नाकाच्या पोकळीतून यावा आणि गळा मोकळा राहावा. पुढील सर्व सूचना या एका नियमातून निघतात.

१. श्वास पुरत नाही. याचे कारण बहुधा श्वास छातीच्या वरच्या भागात घेतला जातो व खांदे उचलले जातात. उताणे निजून पोटावर एक पुस्तक ठेवावे. श्वास घेताना पुस्तक वर यावे, सोडताना हळूहळू खाली जावे. मग बसून, 'स्स' असा बारीक आवाज काढीत एका श्वासात पंधरा-वीस सेकंद टिकावे. रोज पाच मिनिटे पुरेत. शिवाय पिय्यूटच्या पोथीत पेन्सिलीने श्वासाच्या जागा आधीच खुणावून ठेवाव्यात. शब्द मध्ये तुटला तर अर्थ तुटतो.

२. वरच्या स्वराला आवाज फाटतो. बहुतेक वेळा दोष गळ्याचा नसून पट्टीचा असतो. उत्साहात आपण उंच सुरू करतो आणि चाल वर गेली की ओरडावे लागते. म्हणून चालीतला सर्वांत वरचा स्वर आधी गाऊन पाहावा आणि तो सहज लागेल अशी पट्टी घ्यावी. साधारण पुरुषाला काळी एक व स्त्रीला काळी पाच सोयीची पडते. पण प्रत्येकाने आपली स्वतःची शोधावी. सणाला पेटी वाजविता येत नाही, म्हणून सण लागण्यापूर्वी घरी पेटीवर तो स्वर धरून अनेकदा गुणगुणावा, म्हणजे तो कानात बसतो. कोल नीद्रे तीन वेळा म्हटले जाते. पहिल्याच वेळी सारे बळ खर्च करू नये.

३. मंडळी सूर चढविते. साथीला वाद्य नसले की सर्वजण मिळून हळूहळू वर सरकतात व लयही वाढते. हझानने त्यांच्याशी आवाजाची कुस्ती खेळू नये. कडवे संपल्यावर क्षणभर थांबून खालच्या स्वरात पुन्हा सुरुवात करावी. मंडळी आपोआप मागे येते.

४. पहाटे आवाज जड असतो. झोपेतून उठून थेट सलीहोथ म्हणू नये. दहा मिनिटे आधी तोंड मिटून 'म्म' असे गुणगुणावे. आपले जुने गवई पहाटे खर्जाचा रियाज करीत, तसे खालचे स्वर सावकाश धरावेत. शीतपेयाच्या बारीक नळीतून सूर काढणे हाही उत्तम व्यायाम आहे. त्याने पडद्यांवर कमी भार पडून ते मोकळे होतात. हल्ली आवाजाचे वैद्यही तो शिकवितात.

५. सारखे खाकरावेसे वाटते. खाकरण्याने पडदे एकमेकांवर जोराने घासतात व आणखी कफ सुटतो. त्याऐवजी आवंढा गिळावा. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच निजल्यास पोटातील आम्ल गळ्यापर्यंत येते. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. हिब्रूतील 'हेथ' व 'खाफ' ही अक्षरे स्पष्ट उच्चारावीत, पण घशाला ओरखडे काढून नव्हे.

उपासापूर्वी काय करावे?

प्यालेले पाणी स्वरयंत्राच्या पडद्यांवरून जात नाही. ते पोटातून रक्तात व तेथून पडद्यांपर्यंत पोहोचते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या घटकेला घटाघटा पिण्यात लाभ नाही. आधीचे दोन दिवस थोडे थोडे पाणी पीत राहावे. बेरशेवा-दिमोनाकडील कोरड्या हवेत तर याची फारच गरज आहे. उपासापूर्वीच्या जेवणात लोणचे, खारवलेले पदार्थ व जास्त मीठ टाळावे. चहा-कॉफीची सवय असेल तर आठवडाभर आधीपासून कमी करीत जावी, म्हणजे उपासात डोके दुखणार नाही. उपासाच्या दिवशी नाकाने श्वास घ्यावा, तफिल्लांच्या मधल्या वेळात गप्पा मारू नयेत, आणि कुजबुजूही नये. कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण पडू शकतो. शक्य असेल तेथे दोघा-तिघांनी तफिल्ला वाटून घ्याव्यात. एकट्याने सारे ओढण्यात थोरवी नाही. आजारी मंडळींनी उपासाविषयी डॉक्टरांना व रब्बींना आधी विचारावे.

सणानंतर आवाज बसलेला असेल तर दोन-तीन दिवस कमी बोलावे व साध्या पाण्याची वाफ घ्यावी. तीन-चार आठवड्यांनीही घोगरेपणा गेला नाही, किंवा गाताना दुखू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक विनंती. आपल्या कित्येक चाली कागदावर उतरलेल्या नाहीत. त्या कोकणातून व मुंबईतून वडीलधाऱ्यांच्या गळ्यातूनच येथवर आल्या. तो गळा थकला तर चालही थकते. तेव्हा या एलूलमध्ये प्रत्येक हझानने एका तरी मुलाला शेजारी उभे करून एक चाल शिकवावी, आणि त्याबरोबर श्वास कोठे घ्यावा हेही शिकवावे. नेइलाच्या वेळी दारे मिटण्यापूर्वी दोन आवाज एकत्र उठले, तर या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

हझाक उबारूख!