गिऱ्हाईक येतं, बघतं आणि न घेताच जातं

प्रश्न : आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी विकायचं आमचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. इन्स्टाग्रामवरून बरीच माणसं येतात असं वाटतं, पण ऑर्डरी मोजक्याच. आलेली माणसं साइटवर नेमकं काय करतात, हे कळायची सोय करता येईल का? आणि असं बघणं कायद्यात बसतं का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : सोय करता येते, फारसे पैसेही लागत नाहीत. गूगल ॲनालिटिक्स फुकट आहे आणि शॉपिफाय किंवा वूकॉमर्सवर दुकान असेल तर ते जोडणं अवघड नाही. गडबड पुढे होते. हौसेने प्रत्येक क्लिक नोंदवायला घेतात आणि महिन्याभराने त्या आकड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुम्हाला चार नोंदी पुरेत : वस्तूचं पान उघडलं, वस्तू कार्टमध्ये टाकली, चेकआउट सुरू केलं, पैसे भरले. गळती कुठल्या पायरीवर होते तेवढं बघा. चेकआउटला येऊन माणसं पांगत असतील, तर माझा पहिला संशय कुरिअरच्या खर्चावर. दोनशेच्या आमसुलांवर शेवटच्या क्षणी नव्वद रुपये चढलेले दिसले की भलेभले माघार घेतात. तो आकडा वस्तूच्या पानावरच लिहून टाका.

आता एक खोच. यूपीआयने पैसे भरताना गिऱ्हाईक तुमच्या साइटवरून फोनपे किंवा गूगल पेमध्ये जातं. पिन टाकला, हिरवी खूण दिसली, की पुष्कळ जण तिथूनच फोन खिशात टाकतात. साइटवरचं ‘धन्यवाद’चं पान उघडतच नाही आणि खरेदीची नोंद बहुतेक वेळा त्याच पानाला बांधलेली असते. पैसे खात्यात जमा, ॲनालिटिक्समध्ये मात्र गिऱ्हाईक पळालेलं! साइट करून देणाऱ्याला सांगा, पेमेंट गेटवेकडून सर्व्हरला पैसे भरल्याचा जो आपोआप निरोप (वेबहुक) येतो त्यावरून ही नोंद करा. कॅश ऑन डिलिव्हरीत उलटा प्रकार. खरेदी नोंदली जाते आणि पार्सल आठवड्याने दारात परत. म्हणून विक्रीचा हिशोब पासबुकावरूनच करा.

इन्स्टाग्रामबद्दल नुसतं ‘वाटतं’ नको. बायो, स्टोरी आणि व्हॉट्सॲप यांसाठी एकाच लिंकला वेगवेगळ्या यूटीएम खुणा (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची अक्षरं) लावा; नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेली बरीचशी माणसं ‘डायरेक्ट’च्या ढिगात जमा होतात. आणखी एक : ॲनालिटिक्समध्ये तपशीलवार नोंदी ठेवायची मुदत मुळात दोनच महिन्यांची असते. ती सेटिंगमध्ये जाऊन आजच चौदा महिने करा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातल्या आगळाच्या मागणीशी यंदाची ताडून बघता येईल.

कायद्याआधी थोडं मागे : ज्या कुकीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर, हे सगळं चालतं ती लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये असताना काढली, आणि तिच्या सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक खरेदीची टोपली लक्षात ठेवणं हा होता. पाळत ठेवायला ती नंतर जुंपली गेली. आता कायद्याचं म्हणाल तर, आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर थांबू नका. काय नोंदवता आणि कशासाठी, ते साध्या मराठीत सांगून संमती घ्या. ‘नको’चं बटणही ‘चालेल’इतकंच ठळक ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर लक्ष ठेवायला हा कायदा, काही अपवाद सोडता, मनाई करतो.

नाव, फोन, पत्ता ॲनालिटिक्सकडे पाठवू नका. गूगललाही ते चालत नाही. हे बहुधा नकळत होतं. ‘पार्सल कुठवर आलं’ या लिंकमध्येच कधी कधी गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर असतो आणि पानाच्या पत्त्याबरोबर तोही नोंदला जातो. तुमच्या साइटवर एक चाचणी ऑर्डर देऊन ती लिंक नीट वाचा. नंबर दिसला तर आधी तो काढून घ्या, ॲनालिटिक्स त्यानंतर जोडा.