खाजन, मानस आणि चोणकाची वाट

मंडळी, मागच्या बैठकीत एका सभासदाने विचारलं, "मानस मोडली तर मोडली, तिथं सिमेंटचा पाइप घातला तर मासळीचं काय बिघडतं?" प्रश्न सरळ आहे. उत्तराला मात्र थोडा अभ्यास लागतो, म्हणून आजचा पाठ त्यावरच.

या शास्त्राचं नाव भूदृश्य परिसरशास्त्र. नाव जड आहे, गोष्ट सोपी. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ साली हा शब्द वापरला, विमानातून काढलेल्या फोटोंचा अभ्यास करताना. वरून जमीन गोधडीसारखी दिसते, ठिगळाला ठिगळ जोडलेली. एकटं झाड किंवा एकटा मासा न बघता ही ठिगळं एकमेकांशेजारी कशी बसलीत आणि त्यांच्यामधून काय ये-जा करतं, ते बघायचं. ट्रोलला विमान लागलं, आपल्याला मोबाईल पुरतो.

मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा नकाशात उघडा. गडद हिरवी दिसते ती खारफुटी. चौकोनी चौकोनी ती खाजनशेती. पांढरट चौकटी असतील तर मिठागर. शेताच्या आत वळणं घेत गेलेलं पाणी म्हणजे पोंय. शास्त्रात यातल्या प्रत्येकाला 'तुकडा' म्हणतात. ज्याने सगळ्यात जास्त जागा व्यापली आहे आणि बाकीचे तुकडे ज्याच्यात बसलेत, तो 'पट'. आणि लांबट, दोन तुकड्यांना जोडणारी ती 'वाट'. रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्रों यांच्या १९८६ च्या पुस्तकानंतर ही मांडणी सगळीकडे रूढ झाली.

आता गंमत बघा. बांध ही मुंगसाची वाट आहे, आपलीही आहे. माशाला तोच बांध म्हणजे भिंत. म्हणजे नकाशात रेघ एकच, पण कोण चालतंय यावर ती वाट की अडथळा ते ठरतं. आणि त्या भिंतीला दार एकच, मानस.

मानशीची लाकडी झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, सुकतीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. शेत खारं होत नाही. पीक निघाल्यावर मात्र झडप उचलून भरतीचं पाणी मुद्दाम आत घेतात. त्याबरोबर सुंगटांची पिल्लं, शेवटे, कुर्ल्या आत येतात, पोंयीत वाढतात, आणि सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लागतं. जुन्या माणसांनी दार तर केलंच, पण ते कधी उघडायचं याचं वेळापत्रकही बसवलं.

चोणकाचं उदाहरण घेऊ. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. पिल्लं वर येतात, खारफुटीच्या मुळांत, उथळ ओहोळांत वाढतात, आणि मोठी झाली की परत मुखाकडे जातात. म्हणजे त्याला एक तुकडा पुरत नाही, तीन-चार लागतात आणि मधली वाट उघडी लागते. खारफुटी राखली पण ओहोळ बुजवला, तर नकाशात हिरवं तेवढंच दिसेल आणि चोणक कमी होईल. शिवाय चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठे सगळे उचलले की माद्याच उचलल्या. हे जाळं लावणाऱ्याने लक्षात ठेवावं, बोलायला कटू आहे तरी.

'कड' हीसुद्धा मोजण्याची गोष्ट. १०० मीटर लांब-रुंद खारफुटीच्या तुकड्याची कड ४०० मीटर. त्याच्या मधून एक ओहोळ आरपार गेला तर दोन्ही काठ मिळून आणखी २०० मीटर. पिल्लांना खाणं आणि आडोसा काठाशीच जास्त मिळतो, म्हणून बारीक ओहोळांची खारफुटी आपल्याला सलग गच्च रानापेक्षा जास्त देते. दाट जंगलाला हा हिशेब लावू नका हं. तिथं कड वाढली की आतल्या जनावरांचं नुकसान होतं.

आता पाइप. झडप नसलेला पाइप घातला तर प्रत्येक भरतीला खारं पाणी शेतात शिरणार. कोरगुटासारखं खारं सोसणारं भातही रोजच्या भरतीत टिकत नाही. दोन-चार वर्षांत तिथं खारफुटी उगवेल. कोणी म्हणेल, मग मासळीचं भलंच की! काही अंशी खरं आहे, पण शेजाऱ्याचं शेत गेलं, आणि एकदा खारफुटी आली की कायद्याने ती तोडताही येत नाही. अरुंद पाइपात पाण्याला वेग फार, त्याने तोंडाशी बांधाची माती उकरते. उलट पाइप कायम बंद ठेवला तर पोंय म्हणजे नुसतं डबकं, पिल्लू आत येणारच नाही. दोन्हीकडून तोटा. माझं मत विचाराल तर झडप लाकडीच हवी असं नाही, पण उघडता-मिटता येणारीच हवी, आणि रुंदी जुन्या मानशीपेक्षा कमी नको.

बांधाच्या बाहेरची खारफुटी साफ करू नका, लाटेचा मार तीच घेते. कुर्ल्यांची बिळं मात्र वेळेवर बुजवा.

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे. अर्ज लिहिताना तो धरायला हवा. येत्या रविवारी मसुदा करू. येताना प्रत्येकाने आपल्या वाड्याजवळच्या मानशीची रुंदी फुटपट्टीने मोजून आणा, आणि शक्य असेल तर उधाणाच्या भरतीचा एक फोटो, सुकतीचा एक.