अदृश्य रक्ताचा शोध

रांजणाला भोक पडले तर पाणी वाहताना दिसते आणि घरातील मंडळी लगेच धावतात. परंतु तळाशी केसाएवढी चीर असली, तर रांजण निम्मा रिकामा होईपर्यंत ती कोणाच्याही ध्यानात येत नाही. मानवी देहाचेही असेच आहे. आतड्याच्या अस्तरातून थोडेथोडे रक्त झिरपू लागले, तर ते मलात मिसळून जाते व डोळ्यांना दिसत नाही. यालाच वैद्यकशास्त्रात ‘गुप्त रक्त’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन वैद्य इस्मार बोआस याने रोगनिदानातील त्याचे महत्त्व दाखवून दिले.

डोळ्यांना न दिसणारे रक्त ओळखावयाचे कसे? रसायनशास्त्राचे विद्यार्थी हायड्रोजन पेरॉक्साइड जाणतातच. ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेचा लेप दिलेल्या कागदावर मलाचा अल्प अंश लावून त्यावर हे द्रव्य टाकतात. रक्तातील हीमच्या योगाने राळेचे ऑक्सिडीकरण घडते आणि कागद निळा होतो. मात्र तांबडे मांस किंवा कच्चा मुळा खाल्ल्यानेही फसवा निळा रंग येऊ शकतो; उलट ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खरा रंग दडपला जातो. म्हणून या परीक्षेपूर्वी पथ्य पाळावे लागते. नव्या पद्धतीत केवळ मानवी रक्तातील हीमोग्लोबिन ओळखणारी प्रतिद्रव्ये वापरतात. तिला आहाराचे पथ्य लागत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. प्रथम अस्तरावर लहानसा कोंभ उगवतो आणि त्यांपैकी काहींचे रूपांतर कर्करोगात होण्यास अनेक वर्षे लागतात. या अवधीत दुर्बिणीच्या साहाय्याने कोंभ काढून टाकला, तर पुढील अनर्थ टळतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुमारे ४६,००० लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. प्रतिवर्षी ही परीक्षा केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले होते. जपानने तर १९९२ सालापासूनच राष्ट्रीय पातळीवर ही तपासणी सुरू केली होती.

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. २०१६ साली केंद्र शासनाने तपासणीसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग निवडले; त्यांत आतड्याच्या कर्करोगाचा समावेश नव्हता. तथापि, ज्यांच्या घराण्यात हा रोग होऊन गेला आहे, त्यांनी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. आपल्याकडे गुप्त रक्तस्रावाची अन्य कारणेही आहेत. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात आणि अनवाणी चालणारा शेतकरी पंडुरोगाने फिका पडतो. जठरातील व्रण व वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हीही कारणे होत.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. परीक्षेत रक्त आढळले म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे. मूळव्याधीमुळेही रक्त येते. परंतु मूळव्याध असेल असे मानून स्वस्थ बसणे हे मात्र घातक होय. दुर्बिणीने आतड्याची तपासणी झालीच पाहिजे. तसेच एकदा रक्त आढळले नाही म्हणजे कायमचे अभय मिळाले असेही नाही, कारण रक्तस्राव कधी होतो, कधी थांबतो. आणि ज्याला उघड रक्त दिसते, शौचाची सवय बदलली आहे किंवा वजन अकारण घटत आहे, त्याने या परीक्षेची वाट न पाहता वैद्यांकडे जावे.

आपल्या ग्वाल्हेरात १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. जयारोग्य रुग्णालय त्याला जोडलेले आहे. वैद्यकीय मदत अशी हाकेच्या अंतरावर असूनही पाऊल अडखळते ते लाजेपायी. मलाचा विषय घरात काढणे अनेकांना असभ्य वाटते. आजोबा त्रास अंगावर काढतात आणि आजी तर बोलतच नाहीत. विद्यार्थी मित्रहो, ताप आला असता जशी आपण निःसंकोचपणे विचारपूस करतो, तशीच या बाबतीतही करावी. ज्ञान मिळवून ते घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत विनयाने पोचविणे, हेही विद्यार्थ्याचे कर्तव्यच आहे.