शाळेच्या अंगणातील चिनी गुलाब

शाळेची बाग पाहुण्यांसाठी नसून मुलांच्या शिक्षणासाठी असते. ज्या गावी पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, तेथे मुलांच्या डोक्यावर हंडे देऊन बाग जगविणे उचित नव्हे. अशा शाळेने चिनी गुलाबाचा वाफा करावा. कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास फुलतो म्हणून यास ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. ती शेवाळाप्रमाणे भूमीस बिलगून पसरते. उंची जेमतेम वीतभर. पाने बारीक व मांसल असून त्यांत पाणी साठलेले असते. शेतातील घोळ हिच्याच कुळातील होय. मुलांस घोळीची भाजी परिचित असते. म्हणून पाठाचा प्रारंभ तेथूनच करावा. मात्र भाजी समजून ही पाने कोणी खाऊ नयेत, अशी स्पष्ट सूचना द्यावी.

लागवड : दिवसभर ऊन येईल अशी जागा निवडावी. काळ्या चिकण मातीत वाळू मिसळून वाफा थोडा उंच करावा. पाणी साचल्यास मुळे कुजतात. बोटभर लांबीची खोडे शेजारच्या अंगणातून मागून आणावीत, खालची पाने काढून 15 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. मुळे धरेपर्यंत माती ओलसर ठेवावी. पुढे वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बी अतिशय बारीक असते. ते खोल पुरू नये.

निरीक्षण : शनिवारी सकाळच्या शाळेस मुले येतात तेव्हा वाफा हिरवाच दिसतो, इतर दिवशी शाळा भरते तेव्हा तोच रंगांनी भरलेला असतो. असे का, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा. उत्तर आधी सांगू नये. आठ दिवस फुले उमलण्याची व मिटण्याची वेळ आणि आकाशाची स्थिती नोंदवून घ्यावी. फूल घड्याळ पाहून उमलत नाही, हे ढगाळ दिवसाच्या नोंदीवरून मुलांच्या ध्यानी येईल. ऊन कमी झाले म्हणजे प्रकाश घटतो आणि उष्णताही घटते. यांपैकी खरे कारण कोणते, ते कसे पारखावे, यावर वरच्या वर्गात चर्चा घडवावी.

उमललेल्या फुलातील पुंकेसरांस गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करावा. ते स्पर्शाच्या दिशेस झुकतात. लाजाळूशी याची तुलना करवून घ्यावी. पिकलेले फळ डबीच्या झाकणासारखे उघडते, तेही दाखवावे.

उन्हाळी सुटीपूर्वी काही खोडे, तळाशी भोके पाडलेल्या जुन्या डब्यांत लावून, इच्छुक पालकांच्या अंगणात ठेवावीत. नोंदवही मात्र शाळेतच जपावी आणि पुढील वर्षी नव्या वर्गाच्या हाती द्यावी. आदल्या वर्षीच्या नोंदी आपल्या नोंदींशी जुळतात की नाही, हे त्या मुलांनी स्वतः पडताळून पाहावे.