असईचे रणांगण आणि पडद्यावरचा नकाशा

माझे आजोळ भोकरदन तालुक्यातले. लहानपणी सुट्टीत एस. टी.ने जाताना आजोबा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचे, “पोरी, ह्या बाजूला असई. इथं आपण हरलो. फितुरी झाली.” असईच्या लढाईविषयी माझे ज्ञान बरीच वर्षे एवढ्याच तीन वाक्यांचे होते. पुढे इतिहास हा मुख्य विषय घेतला. पाठ्यपुस्तकात या लढाईला जेमतेम अर्धे पान मिळालेले दिसले आणि त्यातही निकाल होता, कारण नव्हते. तेव्हा विभागाच्या परिसंवादासाठी निबंध लिहायचे ठरताच मी हाच विषय निवडला. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाची हकिकत, त्यात माझी झालेली एक ठळक चूक, आणि आज इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या स्थलनिर्देशक नकाशांचा इतिहासाच्या विद्यार्थ्याला कसा व किती उपयोग होतो, हे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

नकाशा कोठून मिळाला?

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. या विभागाचे टोपोशीट भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण सर्वांनीच हाताळलेले असते. पूर्वी ते मिळवण्यासाठी अर्ज, शुल्क आणि खेपा असा व्याप असे. २०१७ सालापासून मात्र खुल्या मालिकेतील पत्रके विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य डाउनलोड करता येऊ लागली. १:५०,००० हे त्यांचे प्रमाण. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर ते जमिनीवरचा एक किलोमीटर. पाणी निळे, समोच्चरेषा तपकिरी, शेती पिवळी, वस्ती तांबडी. दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यानेच मला फसवले.

याच्या जोडीला दुसरे साधन म्हणजे उपग्रहचित्रे व उंचीची आकडेवारी. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकन अवकाशयानाने ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ती आकडेवारी आज सुमारे ३० मीटरच्या चौकटींत कोणालाही मिळते. आपल्या ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे स्थळही २००९ पासून आहे. ग्रंथालयातल्या संगणकावर बसून हे सारे पाहता येते; त्यास खर्च येतो तो फक्त वेळेचा.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १८०२ साली मद्रासजवळ ज्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, तो विल्यम लॅम्बटन हा आर्थर वेलस्लीच्याच ३३व्या पलटणीतला अधिकारी. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या मोहिमेत दोघे एकत्र होते. लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. म्हणजे वेलस्ली असईला लढत होता त्या वर्षी देशाची शास्त्रीय मोजणी दक्षिणेत नुकती कोठे सुरू झाली होती. असईचा असा नकाशा त्याच्या हाती नव्हता. जी पत्रके आज आपण पाहतो तशी त्या दिवशी कोणाजवळच नव्हती, ना इंग्रजांजवळ, ना मराठ्यांजवळ. दोघांनाही जमीन डोळ्यांनीच वाचायची होती.

लढाईची भूमी

२१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. मधल्या डोंगररांगेच्या दोन बाजूंनी दोन फौजा न्यायच्या आणि २४ तारखेस मिळून हल्ला करायचा, असे ठरले. परंतु २३ तारखेस वेलस्लीला शत्रूचा तळ अपेक्षेपेक्षा जवळ सापडला. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दुपारी लढाई दिली. प्रत्यक्ष लढणारे त्याचे सैन्य सुमारे ४,५०० होते. समोर दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज : पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली कवायती पायदळ सुमारे १०,८००, बेकवायती पायदळ निराळे, घोडदळ ३० ते ४० हजार आणि शंभरावर तोफा.

आता नकाशा उघडावा. केळणा नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या उत्तरेस जुई. दोन्ही नद्या पूर्वेकडे जाताना जवळ येत येत एकमेकींस मिळतात. मधली जमीन जिभेसारखी निमुळती होत जाते. मराठी तळ या जमिनीवर केळणेच्या काठाने पसरलेला होता. पश्चिमेस भोकरदनकडे घोडदळ, पूर्वेस असईकडे पायदळ व तोफखाना. भोकरदन ते असई हे अंतर मी नकाशावर मोजले. ते दहा-बारा किलोमीटर भरते. पुस्तकात ‘तळ विस्तीर्ण होता’ असे वाचून जे कळत नाही ते या एका मोजणीने कळते. एका टोकाला लढाई पेटली तर दुसऱ्या टोकाला ती ऐकू येईल, पण वेळेवर मदत पोचणे सोपे नाही.

मराठी फौज दक्षिणेकडे तोंड करून, केळणा समोर ठेवून उभी होती. वेलस्लीने समोरून न येता पूर्वेकडे वळसा घेतला, नदी ओलांडली आणि तो त्या जिभेच्या टोकाशी पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. तेथे दोन नद्यांमधील रुंदी सुमारे एक मैल.

हा एक मैल फार बोलका आहे. मैलाचे फूट ५,२८०. खांद्याला खांदा लावून उभ्या शिपायास दोन फूट जागा धरली तर एका रांगेत २,६४० माणसे मावतात; तीन रांगांत सुमारे ७,९००. पोलमनच्या एकट्या कवायती पायदळानेच ही जागा भरून जाते. मग तीस-चाळीस हजार घोडा उभा करायचा कोठे? संख्येचे जे मोठे पारडे कागदावर मराठ्यांच्या बाजूने झुकलेले दिसते, ते दोन नद्यांच्या बेचक्यात आपोआप वर येते. घोडदळाचा बराचसा भाग त्या दिवशी लढाईत नीट उतरलाच नाही, याचे सगळे कारण भूमीत आहे असे मी म्हणत नाही. परंतु भूमीचा वाटा मोठा आहे, हे नकाशा पाहिल्यावर नाकारता येत नाही.

उतार

वेलस्लीने नदी ओलांडली कोठे? त्याचे वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्याला मात्र दुरून केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली : अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड. इतकी जवळ गावे आणि त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट नाही, हे शक्य नाही, असा त्याने तर्क केला. शोध घेतला तेव्हा उतार निघाला. त्यावर मराठी पहारा नव्हता.

आजही कोणत्याही टोपोशीटवर हा धडा घेता येतो. नदीच्या दोन काठांवर जोडगावे शोधावीत, गाडीवाटेच्या तुटक रेषा नदीशी कोठे येऊन पलीकडे पुन्हा सुरू होतात ते पाहावे. जुन्या लढायांच्या अभ्यासात अशा जागा आधी खुणावून ठेवाव्यात. सैन्य मनाला येईल तेथून जात नाही. तोफांचे गाडे जेथून जातील तेथूनच ते जाते.

माझी चूक

येथवर सारे ठीक झाले. मग मला उत्साह आला. उंचीच्या आकडेवारीवरून दोन नद्यांमधील जमिनीचा छेद संगणकावर काढला. पडद्यावर चांगली टेकडी उभी राहिली. मी निबंधात बेधडक लिहिले की, वेलस्लीचे सैन्य या टेकडीच्या आडोशाने शत्रूच्या नकळत पुढे गेले. परिसंवादात वाक्य वाचून होताच आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, “उभे प्रमाण काय घेतलेस?” मी पाहिले, संगणकाने उंची दहापट ताणून दाखवली होती. सभागृहात हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, “आता जाऊन बघून ये.”

गेल्या सप्टेंबरात, लढाईच्या तारखेच्या आसपास, मी आजोबांना घेऊन गेले. टेकडी नव्हती. चालताना जाणवेल न जाणवेल असा चढ होता. मका नि कपाशी उभी होती. पाऊस होऊन गेलेला. काळ्या मातीने चपला इतक्या जड झाल्या की शेवटी हातात घेतल्या. वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल गोळ्यांनी पडले आणि तोफा मागे टाकून पायदळाला पुढे जावे लागले, हे मी वाचले होते. ती माती पायाला लागेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता. नकाशावर माती नसते आणि महिनाही नसतो.

उलट, जे नकाशाने दाखवले नव्हते ते तेथे होते. नदीच्या पात्रात उतरले तर काठावरचे पीक दिसेनासे झाले. पाच-सहा मीटरचा काठ वीस मीटरच्या समोच्चरेषांमधून सहज निसटतो. परंतु घोडेस्वाराला अडवायला आणि शिपायाला लपवायला तेवढा काठ पुरतो. असई गाव जुईच्या काठाशी आहे. गाव आणि काठ यांच्या आधाराने मराठी पायदळ व तोफा उभ्या होत्या. इंग्रजांच्या उजव्या बाजूच्या तुकड्या चुकून गावाच्या फार जवळ गेल्या, तेव्हा त्यांचा तेथे अक्षरशः चुराडा झाला.

आजोबांना मी समोरासमोरच्या गावांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “त्यात काय लई मोठं? समोरासमोर गावं असली की उतार असायचाच. आमच्याकडं गुराख्याच्या पोरालाबी ठावं असतंय.” मग बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “मग तिथं आपलं माणूस का नव्हतं?”

फितुरी आणि नकाशा

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर नकाशात नाही. त्यासाठी पत्रे, अखबार, मोडी कागद यांकडेच जावे लागेल. शिंद्यांच्या पदरचे काही युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर चाकरी सोडून गेले, हे खरे. पण असईत पोलमन उभा राहिला. त्याने आपली सारी फळी काटकोनात फिरवून दक्षिणेऐवजी पूर्वेस तोंड केले, आणि तेही शत्रू समोर येत असताना. तोफखान्यावरचे गोलंदाज तोफांपाशीच मेले. काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, इंग्रज पुढे सरकल्यावर त्यांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता झाले. म्हणजे लढणाऱ्या तिघांमागे एकाहून अधिक. ९८ तोफा त्याने जिंकल्या, पण ही किंमत देऊन. असे लढणाऱ्या माणसांवर ‘फितुरी’ हा एकच शब्द टाकून मोकळे होणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. जी गोष्ट इथल्या गुराख्याला ठाऊक, ती परक्या सेनापतीने ओळखली आणि इथल्या सरदारांनी पाहिली नाही. यात फितुरी नाही, दुर्लक्ष आहे. आणि दुर्लक्षाची कारणे शोधता येतात.

माझ्या विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. आपापल्या तालुक्यातले एखादे रणांगण निवडा. आधी साधने वाचा, मग नकाशावर अंतरे मोजा, उतार, खिंडी, जोडगावे खुणवा, छेद काढाल तर उभे प्रमाण शेजारी लिहा. धरण, कालवा, नवा रस्ता यांनी जमीन कोठे बदलली आहे ते जुन्या पत्रकाशी ताडून पाहा. आणि शेवटी, लढाई ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात तेथे चालत जा. जमल्यास तेथल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्या.

परवा आजोळी गेले होते. एस. टी.त शेजारी एक लहान मुलगा होता. आजोबांनी सवयीने खिडकीबाहेर बोट दाखवले. म्हणाले, “ह्या बाजूला असई. इथं आपण हरलो.” पुढचे तिसरे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. थोडे थांबून म्हणाले, “उताराकडं कोणी पाहिलं न्हाई.”

— तृतीय वर्ष कला (इतिहास)