मुक्या रुग्णाचा डॉक्टर

एका शेतकऱ्याची भरपूर दूध देणारी गाय रात्री व्याली. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार, रवंथ बंद. कोणी म्हणाले, थंडी भरली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. पशुवैद्य आला. त्याने गाय तपासली आणि तिच्या मानेच्या शिरेतून एक औषध हळूहळू सोडले. अशी गाय पुष्कळदा काही तासांतच उठून चारा खाऊ लागते.

हा चमत्कार नव्हे. या रोगाला ‘दुग्धज्वर’ म्हणतात. गंमत अशी की त्यात ज्वर मुळीच नसतो. उलट अंगाचे तापमान बहुधा उतरलेले असते. मग घडते काय?

दहा लिटर चिकातून गाईच्या शरीरातील सुमारे २० ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते. तिच्या सगळ्या रक्तद्रवात मात्र एका वेळी ते जेमतेम ३ ग्रॅम असते. ही तूट हाडांतील साठ्यातून आणि आतड्यांतून भरून काढावी लागते. त्याची यंत्रणा पूर्ण वेगाने सुरू व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातील कॅल्शियम फार घटले, तर स्नायूंचे काम मंदावते आणि गाय खाली बसते. शिरेतून दिलेले औषध म्हणजे कॅल्शियमचेच द्रावण.

मग ती बाटली शेतकऱ्यानेच का चढवू नये? कारण हृदय हाही स्नायूच आहे. कॅल्शियम भराभर शिरेत गेले, तर हृदय बंद पडून गाय जागीच मरू शकते. म्हणून पशुवैद्य हृदयाचे ठोके ऐकत ऐकत औषध सोडतो. शिवाय, खाली बसलेल्या प्रत्येक गाईला दुग्धज्वरच असतो असे नाही. कंबरेचे हाड मोडले असेल, कासदाहाचे विष अंगात भिनले असेल. रुग्ण काही सांगू शकत नाही; ओळखायचे ते वैद्यानेच. हे ओळखणे ज्या शिक्षणाने साधते, त्याची माहिती आता घेऊ.

महाविद्यालयात काय शिकतात?

पशुवैद्यक व पशुसंवर्धन या पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यातील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे रुग्णालयात व प्रक्षेत्रावर अनुभवी पशुवैद्यांच्या हाताखाली काम करण्याचे असते.

आरंभी शरीररचना व शरीरक्रिया हे विषय येतात. माणसाच्या डॉक्टरला एकच शरीर शिकावे लागते. येथे गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी अशी अनेक! गाईच्या पोटाला चार कप्पे, घोड्याच्या पोटाला एकच. गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट, तर कोंबडीचे सुमारे १०६. माणसाचा ताप तो कोंबडीचा आरोग्याचा आकडा. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र व पशुपोषण हे विषय येतात. त्यानंतर रोगचिकित्सा, शल्यक्रिया आणि प्रसूतिशास्त्र.

मुलींना हे काम झेपेल का, असे काही पालक विचारतात. चारशे किलोची गाय अंगबळाने कोणीच आडवी करू शकत नाही. दोरीचे वेढे मानेभोवती, छातीभोवती व पोटाभोवती योग्य जागी घालून दोरी मागे ओढली की गाय आपणहून बसते. लागते ते शास्त्र आणि धीर.

एका रोगाचा अंत

या शिक्षणाचा जन्मच एका साथीतून झाला. अठराव्या शतकात बुळकांडीने युरोपातील गुरे पटापट मरत होती. अशा वेळी १७६१ साली फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बूर्जला याने पशुवैद्यकाची पहिली शाळा स्थापन केली. आपल्याकडे मुंबईतील परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

पुढे लसी निघाल्या, गावोगाव टोचण्या झाल्या, आणि २०११ साली जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. मात्र २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गोठे हादरवले. काम संपलेले नाही.

प्रवेश व पुढील वाटा

बारावीला भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत आणि ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातील सरकारी पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पशुसंवर्धनातील पदविकेचीही वाट आहे. मात्र १९८४ च्या कायद्यानुसार पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली ठराविक किरकोळ उपचारच करता येतात. प्रवेश घेण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

पदवीनंतर सरकारी दवाखाने, दूध संघ, कुक्कुटपालन, लसनिर्मिती, प्राणिसंग्रहालये, संशोधन व खाजगी व्यवसाय अशा अनेक वाटा आहेत. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन मोजले गेले. काम भरपूर आहे.

पण केवळ प्राणी आवडतात एवढ्यावर हा निर्णय घेऊ नये. मध्यरात्री आडलेल्या म्हशीसाठी चिखल तुडवत जावे लागते. रेबीज, काळपुळी यांसारखे रोग माणसालाही होतात, म्हणून सदैव सावध राहावे लागते. काही रुग्ण वाचत नाहीत, आणि मालकाला तसे स्पष्ट सांगावे लागते. गाय गेली म्हणजे कुटुंबाची रोजची मिळकत गेली, याची जाणीव ज्याला सुटत नाही त्याने या वाटेला अवश्य यावे.

करून पाहा

१. मालकाच्या परवानगीने, दूर उभे राहून, विसावलेल्या गाईची कूस एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. सकाळचा व भर दुपारचा आकडा ताडून पाहा. फरक का पडतो?

२. गाय रवंथ करताना एक घास किती वेळा चावते? पाच घासांची सरासरी काढा.

३. पोटफुगी झाली की गाईची डावी भकाळीच आधी का फुगते? पोटाचा कोणता कप्पा डाव्या बाजूला असतो ते शोधा, म्हणजे उत्तर सापडेल.