हात जोडल्यानंतरची लाठी

जून १९९३. लुटीच्या गुन्ह्यातला संशयित म्हणून नागपूरच्या पोलिसांनी एका माणसाला रात्री घरी जाऊन धरलं. घरच्यांदेखत त्याला मारहाण झाली आणि पुढे कोठडीतच त्याचा जीव गेला. ‘यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ४ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. एन. व्ही. रमणा आणि न्या. मोहन शांतनगौडर यांनी दोषी पोलिसांची शिक्षा ३ वर्षांवरून ७ वर्षं केली. निकाल चांगला लागला, पण त्या कुटुंबाची पंचवीस वर्षं त्यात गेली.

पूर्व नागपुरातले सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काका हा खटला ओळखीच्या प्रत्येकाला सांगतात. त्यांच्या पुतण्यालाही रात्रीच नेलं होतं. पोरगा पळाला नाही, हात जोडून उभा राहिला. तरी दारातच पाठीवर लाठी पडली. ‘काऊन मारता साहेब, येतोच आहे ना तो,’ एवढंच काका म्हणू शकले. पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ‘काही त्रास?’ विचारलं, तेव्हा शिपाई खांद्याला खांदा लावून उभा. पोरगा ‘नाही’ म्हणाला आणि कागदावर तेच उमटलं.

कायदा इथे स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे माणूस बोलून किंवा कृतीने स्वाधीन झाला, तर अटकेसाठी त्याच्या अंगाला हात लावण्याचीही गरज नाही. तो झटापट करू लागला तर पोलिसांना बळ वापरता येतं, आणि यायलाच हवं. समोर चाकू घेतलेला माणूसही असू शकतो. पण कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये इतकाच अटकाव करायचा. हात जोडलेल्या माणसावर लाठी चालवणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षा देणं पोलिसांचं काम नव्हे.

म्हणून काका आता आधी अटकेचा पंचनामा मागायला सांगतात. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घातलेला हा दंडक आता संहितेतच आहे: अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी दिसली पाहिजे, पंचनाम्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकांना कळवलं पाहिजे. आरोपीला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. तिथे त्याने न विचारता सांगावं, ‘साहेब, मला मारलं,’ आणि सदरा वर करून वळ दाखवावेत. वैद्यकीय तपासणी पुन्हा करून मागता येते. वळ चार दिवसांत पुसट होतात, तेव्हा ही घाई महत्त्वाची.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा मुद्दाही सोडू नये. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रीकरण किमान वर्षभर जपण्याचा आदेश दिला. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

ठाण्याच्या दारात आरडाओरडा करू नये, शिपायाच्या अंगावर जाऊ नये; त्यातून घरच्यांवरच गुन्हा दाखल होतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं. मदतीचा क्रमांक १५१०० आहे. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो आजच भरून ठेवा.